छप्पन अंश खोटे होते, ऊन खरं होतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला.

आजचा विषय आहे तापमान. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. शाळेतला धडा नाही सांगत. आमच्या घरची एक गोष्ट सांगतो.

मी पुण्यात असतो, आई-बाबा नागपूरला. मे २०२४ चा शेवट. ३० तारखेला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. छप्पन! बातमी अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपवर. आईचा फोन आला, "अरे, पाह्यलं का? छप्पन झालं म्हणते आपल्याकडे!"

आता ५६ म्हणजे काय, तर जगात आजवर नोंदलेला विक्रम ५६.७ चा आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीमधला, १९१३ सालचा. भारताचा विक्रम ५१ अंश, राजस्थानात फलोदीला, मे २०१६. म्हणजे आमच्या नागपूरने भारताचा विक्रम पाच अंशांनी मोडला आणि जगाच्या विक्रमाला जवळपास हात लावला, असं ते यंत्र म्हणत होतं. मी आईला म्हटलं, मला नाही पटत, सेन्सर गंडला असणार. आणि लगेचच हवामान खात्याने तसंच स्पष्टीकरण दिलं. सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा होता. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवलं होतं. तिथेही नंतर तपासणी झाली आणि यंत्र तीन अंश जास्त दाखवतंय असं निघालं.

मी खूश. माझं बरोबर निघालं ना! आईला फोन करून सांगितलं, "बघ, म्हटलं नव्हतं?" बाबांनी मागून ऐकलं. बाबा म्हणाले, "मी म्हणतच होतो. हे आकडे असेच असतात." आणि दुपारी दीड वाजता ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला.

पुढचं शेवटी सांगतो. कारण मधलं समजल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

तर पहिला प्रश्न. तापमान म्हणजे नक्की काय? आपण म्हणतो, "गरम किती आहे ते." बरं. थंडीच्या दिवसांत सकाळी उठून एक पाय लाकडी पाटावर ठेवा आणि एक पाय फरशीवर. फरशी गारठलेली वाटते, पाट तेवढा नाही. पण दोघं रात्रभर एकाच खोलीत पडून होते. दोघांचं तापमान जवळपास सारखंच आहे. मग फरक कशाचा? फरशी तुमच्या पायातली उष्णता पटपट ओढून घेते, लाकूड सावकाश घेतं. म्हणजे आपली कातडी तापमान मोजतच नाही. ती मोजते, उष्णता किती वेगाने आत येतेय किंवा बाहेर जातेय.

आणखी एक करून बघा. तीन भांडी घ्या. एकात गरम पाणी, म्हणजे हाताला सोसेल इतकंच, एकात फ्रीजचं थंड आणि मधल्यात कोमट. एक हात गरममध्ये, एक थंडमध्ये, मिनिटभर. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात. एक हात म्हणेल थंड आहे, दुसरा म्हणेल गरम आहे. पाणी एकच, माणूस एकच, मतं दोन. म्हणून "मला तर काही गरम वाटत नाहीये" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मग खरं तापमान काय? कुठल्याही वस्तूतले अणू-रेणू सतत हलत असतात. हवेत ते धावतात, पाण्यात एकमेकांना घासत सरकतात, लोखंडात जागच्या जागी थरथरतात. या हालचालीची सरासरी ऊर्जा किती, ते तापमान सांगतं. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर उडते ना? ती हजार अंशांच्या वर असते. तरी नुसतं चुणचुणतं. आणि चहाचं उकळतं पाणी फक्त शंभरच्या आसपास, ते सांडलं तर फोड येतात. कारण ठिणगी एवढीशी. सरासरी मोठी, पण एकूण साठा नगण्य. तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, ते असं.

आता मोजायचं कसं? इथे एक गोष्ट आहे जी मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळली नव्हती, नोकरीला लागल्यावर कळली. थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. बस. दुसऱ्या कशाचंही नाही.

काखेत थर्मामीटर लावला की तो शरीराचं तापमान सांगत नाही. तो स्वतः हळूहळू काखेइतका गरम होतो आणि मग स्वतःचं सांगतो. आपण गृहीत धरतो की दोघांचं आता सारखं झालंय. आपला सगळा भरवसा या गृहीतावर आहे. म्हणून बीप वाजायच्या आत काढला, की चूक. नीट चिकटला नव्हता, की चूक. गरम चहा पिऊन लगेच जिभेखाली धरला, की तो चहाचा ताप सांगणार. पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश कमी येतो. डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना कुठे मोजला तेही सांगा.

दुसरं गृहीत म्हणजे त्या यंत्रावरच्या रेघा बरोबर मारल्यात. या रेघांचा इतिहास मजेदार आहे. फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर बनवला. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर भागांचं मोजमाप मांडलं, पण त्याच्या मांडणीत पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं शंभरवर! ते पुढे उलटं करण्यात आलं. आणि पाणी उकळण्याचा आकडाही सगळीकडे सारखा नाही. तो हवेच्या दाबावर ठरतो. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. म्हणून २०१९ पासून जगाने केल्विन हे एकक पाण्यावर अवलंबून ठेवलेलंच नाही. ते बोल्ट्झमन स्थिरांक नावाच्या एका ठरवून दिलेल्या आकड्याशी बांधलंय. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीची ऊर्जा, हे आता व्याख्येतच आलं.

बातम्यांत आपण अजून "पारा चढला" म्हणतो, पण स्वयंचलित केंद्रात पारा नसतो. बऱ्याच ठिकाणी प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युत रोध १०० ओहम, आणि प्रत्येक अंशाला तो साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. यंत्र रोध मोजतं आणि त्यावरून अंश काढतं. आता गंमत बघा. समजा एखादा जोड सैल झाला, गंज चढला आणि चार ओहमचा जास्तीचा रोध आला. चार भागिले ०.३८५. दहा अंश! बाहेर ४५ आहे आणि यंत्र म्हणेल ५५. हा हिशोब फक्त समजण्यासाठी सांगितला, पण मुद्दा कळला असेल. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतंय तेच ते सांगतं. ते बरोबर आहे का, हे कुणीतरी दुसऱ्या, जास्त भरवशाच्या यंत्राशेजारी ठेवून ताडून बघायचं असतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

पुण्यातल्या श्रोत्यांनो, शिवाजीनगरचं सिमला ऑफिस माहितीये ना? पुण्यात सिमला कुठून आलं, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. तर हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि नाव मागे राहिलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण हवामानाची उपकरणं बनवायचं आणि तपासायचं मोठं काम अजून पुण्यात चालतं. आपण ज्या इमारतीसमोर सिग्नलला वैतागतो, तिचं देशाच्या थर्मामीटरशी इतकं जवळचं नातं आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. टीव्हीवर "नागपूर ४५" दिसतं, ते ४५ कुणाचं?

ते हवेचं आहे. सावलीतल्या हवेचं. हवामान केंद्रात एक पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंना दुहेरी झडपा. वारा खेळतो, पण ऊन आत येत नाही. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचावर, मोकळ्या जागेत. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला असतं, म्हणजे वाचताना उघडलं तरी थर्मामीटरवर ऊन पडू नये. ही स्टीव्हन्सन पेटी. थॉमस स्टीव्हन्सन हा दीपस्तंभ बांधणारा इंजिनिअर. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा हा बाप.

इतकी काळजी का? कारण थर्मामीटर उन्हात ठेवला, तर तो उन्हात तापलेल्या थर्मामीटरचं तापमान सांगेल. हवेचं नाही. मग जगभरचे आकडे एकमेकांशी ताडताच येणार नाहीत. म्हणून सगळ्यांनी एकच अट पाळायची. हे विज्ञानासाठी अगदी बरोबर आहे. पण तुम्ही त्या पेटीत राहत नाही ना! तुम्ही डांबरी रस्त्यावर बाइकवर असता, पत्र्याच्या शेडखाली असता, नाहीतर सिमेंटच्या गच्चीवर. तिथे डोक्यावरून सूर्य तापवतो, खालून तापलेली गच्ची तापवते. तुमच्या अंगावर पडणारा मारा ४५ या आकड्यात धरलेलाच नाही.

आणि फोनवरचं ॲप? तुमच्या फोनच्या आत तापमानाचे सेन्सर असतात, पण ते बॅटरी आणि प्रोसेसर सांभाळायला. ॲपवरचा आकडा फोन मोजत नाही. तो केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाच्या गणितावरून तुमच्या भागासाठी काढलेला अंदाज असतो. अंदाज चांगला असतो, मी रोज बघतो. पण तो तुमच्या गच्चीचा नाही.

आता मुंबईकर विचारतील, आमच्याकडे ३४ असतं, मग नागपूरच्या ४५ पेक्षा आम्ही सुखी का? तर इथे घाम येतो. म्हणजे दोन्ही अर्थांनी.

शरीर स्वतः उष्णता तयार करत असतं आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. हवा कातडीपेक्षा गरम झाली, की उरतो एकच मार्ग, घाम वाळणं. माठातलं पाणी गार होतं तसं. आता थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. आकडा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळवून माणूस जास्तीत जास्त किती गार होऊ शकतो, त्याची ही खालची हद्द समजा. नागपूर, ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के: वेट बल्ब साधारण २४. मुंबई, ३४ अंश, आर्द्रता ७५ टक्के: वेट बल्ब साधारण ३०. मुंबईचा आकडा वर! म्हणून नागपुरात कूलर झकास चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा वाढवतो.

हे वेट बल्ब ३५ च्या जवळ गेलं, की सावलीत बसून, पंख्याखाली, कितीही पाणी पिऊन शरीर गार होऊ शकत नाही. तरुण, निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत ही सीमा त्याहून खालीच आढळली. याचा अर्थ कोरडा ४५ सोपा आहे असा मुळीच नाही. तिथे घाम वाळतो, पण इतक्या झपाट्याने की आला हे कळतही नाही, आणि अंगातलं पाणी आणि मीठ संपत जातं. दमट हवेत घाम वाळत नाही, कोरड्या हवेत घाम संपतो. मरण दोन्हीकडे आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मोकळ्या मैदानावर, भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी काही जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी परिसरात नोंदलेलं तापमान ३८ च्या आसपास होतं. आकडा ऐकून कुणी घाबरलंही नसतं.

म्हणूनच हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही सगळीकडे एक नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. शिवाय नेहमीच्या सरासरीपेक्षा ते किती वर गेलंय, तेही बघतात.

आता परत आमच्या गच्चीवर.

बाबा दीडला वर गेले. पंधरा मिनिटांचं काम होतं, झाला पाऊण तास. खाली आले तेव्हा डोकं गरगरत होतं, मळमळत होतं, बोलणं जड. आईने त्यांना खाटेवर निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मग कोविडच्या वेळी घेतलेली ती कपाळावर रोखायची बंदूक आणली. आकडा आला ३६.२. आईने मला फोन केला, "ताप तर नाही ना, मग काय होऊन राहिलं यांना?"

ती बंदूक आठवते ना सगळ्यांना? सोसायटीच्या गेटवर वॉचमन मनगटावर धरायचा आणि ३४.२ लिहायचा. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्या वहीप्रमाणे आमची अख्खी सोसायटी बर्फात गाडलेली होती. ती बंदूक आतलं तापमान मोजत नाही. ती कातडीवरून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. कपाळावर घाम असेल किंवा नुकतंच ओलं फडकं ठेवलं असेल, तर ती ओल्या, गार झालेल्या कातडीचं तापमान सांगणार. ३६.२ हे बाबांच्या कपाळाचं होतं. बाबांचं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तो आकडा सोड. बाबांना विचार, आज वार कोणता." त्यांनी विचार करून बरोबर सांगितला. जीव भांड्यात पडला. मग कूलर समोर, अंगावर ओला टॉवेल, ओआरएस घोट घोट, आणि शेजारच्या काकांच्या गाडीतून दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गच्चीवर राहिले असते तर चित्र वेगळं असतं. दोन दिवसांत बरे झाले. बॉलकॉक अजून गळतोय.

मी वार का विचारायला लावला? कारण उष्माघाताची मोठी खूण थर्मामीटरवर नाही, मेंदूत दिसते. माणूस असंबद्ध बोलायला लागला, गोंधळला, झटके आले, शुद्ध हरपली, तर आकडा बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका. आतलं तापमान ४० च्या वर जातं तेव्हा मिनिटं मोजावी लागतात.

पण खरं सांगू? त्या दिवशी मला जास्त खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्या कामात सर्व्हरवर नजर ठेवणारे अलार्म असतात. एखादा सेन्सर उगाच बोंबलायला लागला, की दोन-तीन वेळा आम्ही धावतो. चौथ्या वेळी कुणीतरी तो चॅनल म्यूट करतं. आणि मग खरा अलार्म वाजतो तेव्हा कुणी ऐकत नाही. बाबांनी तेच केलं. छप्पन खोटं निघालं आणि त्यांनी उन्हालाच म्यूट केलं. आणि म्यूटचं बटण त्यांच्या हातात मी दिलं होतं. "बघ, म्हटलं नव्हतं?" एवढंच सांगून मी फोन ठेवला. "छप्पन खोटं आहे, पण पंचेचाळीसही माणूस मारतं, गच्चीवर जाऊ देऊ नको," हे पुढचं वाक्य बोललोच नाही.

म्हणून आता घरी नियम केलाय. तापमानाचा कुठलाही आकडा आला, बातमीत, ॲपवर, थर्मामीटरवर, की तीन प्रश्न विचारायचे. हे कशाचं तापमान आहे? कुठे मोजलंय? आणि यंत्र कुणी तपासलंय? आकडा फेकून द्यायचा नाही, डोक्यावरही घ्यायचा नाही. विचारायचं.

तुमच्या घरीही कुणी "मला काही होत नाही" म्हणत दुपारी गच्चीवर जाणारं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. माझ्या बाबांनी ऐकला. म्हणाले, "बॉलकॉकचं सांगायची काय गरज होती?"

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा.